यूकेतलं टीव्ही लायसन्स: कोणाला लागतं, पैसे कसे जातात आणि दार वाजलं तर काय करायचं

यूकेत भाड्याच्या घरात राहायला गेलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दारातल्या फटीतून दोन पाकिटं हमखास आत पडतात. एक काउन्सिल टॅक्सचं (स्थानिक पालिकेच्या कराचं), दुसरं टीव्ही लायसन्सिंगचं, म्हणजे टीव्ही बघण्याच्या परवान्याचे पैसे बीबीसीसाठी गोळा करणाऱ्यांचं. काउन्सिल टॅक्सबद्दल कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. दुसऱ्या पाकिटावर मात्र नाव नसतं, ते असतं ‘द लीगल ऑक्युपायर’च्या नावे. आत लाल अक्षरांत चौकशी, कोर्ट, एक हजार पौंड दंड असले शब्द. घरात टीव्हीच नसतो, किंवा असतो तो लँडलॉर्डने भिंतीला लावून ठेवलेला. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा होते आणि दोन उत्तरं येतात. एक म्हणतो, "फाडून टाक रे, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "आजच भर, नाहीतर व्हिसाचे वांधे होतील."

दोघांचंही ऐकू नका. नियम तसा सरळ आहे, फक्त तो टीव्हीच्या डब्याला लागू होत नाही, तुम्ही काय आणि कधी बघता त्याला होतो. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यावरून ठरवता येतं.

लागतं की नाही, हे आधी ठरवा

२००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टनुसार यूकेत लायसन्सशिवाय टीव्हीचे कार्यक्रम घेणारं यंत्र लावणं किंवा वापरणं हा गुन्हा आहे. ‘यंत्र’ म्हणजे काहीही: टीव्ही, लॅपटॉप, फोन, टॅबलेट, गेमिंग कन्सोल. व्यवहारात लायसन्स दोन गोष्टींसाठी लागतं.

पहिली गोष्ट, कुठल्याही चॅनलवरचा कार्यक्रम तो लागलेला असतानाच बघणं किंवा रेकॉर्ड करणं. चॅनल बीबीसीचं असो, स्कायचं असो की मुंबईहून प्रसारित होणारं मराठी चॅनल असो. तासाभराने तेच दाखवणारी ‘प्लस वन’ चॅनलंही यातच येतात. रेकॉर्ड करून नंतर बघितलं तरी रेकॉर्डिंग लाईव्हचंच झालेलं असतं, त्यामुळे लायसन्स लागतंच.

दुसरी गोष्ट, बीबीसी आयप्लेअर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम बघायचं अ‍ॅप. इथे लाईव्ह असो, जुना भाग असो, डाउनलोड असो, सगळ्याला लायसन्स. १ सप्टेंबर २०१६ च्या आधी आयप्लेअरवर मागचे भाग लायसन्सशिवाय बघता येत होते. ती पळवाट त्या दिवशी बंद झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून ऐकू येते.

लागत नाही ते असं: नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, डिस्ने प्लस, झी फाइव्ह यांवरचे आपल्या सवडीने बघायचे सिनेमे आणि मालिका, आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरच्या अ‍ॅपवर नंतर बघितलेले भाग, यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ, डीव्हीडी, गेम्स. रेडिओला लायसन्स नाही, बीबीसी साउंड्स या ऐकायच्या अ‍ॅपलाही नाही. फक्त रेडिओसाठी वेगळं लायसन्स असायचं, ते १९७१ मध्येच रद्द झालं.

आता आपल्या घरांत हे कसं दिसतं ते बघू, कारण इथेच सगळे अडकतात.

रात्री जेवताना नवरा-बायको झी फाइव्हवर कालचा भाग लावतात. लायसन्स नको. तीच मालिका त्याच अ‍ॅपमधल्या लाईव्ह चॅनलवर, भारतात लागलेली असतानाच बघितली, तर लायसन्स हवं. कार्यक्रम तोच, स्क्रीन तीच, फरक फक्त वेळेचा. एबीपी माझा यूट्यूबवर लाईव्ह लावून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, निवडणुकांच्या निकालाच्या दिवशी तर हमखास. ते टीव्ही चॅनलचंच थेट प्रक्षेपण आहे, फक्त यूट्यूबमार्गे आलेलं. लायसन्स हवं. आयपीएलची मॅच लाईव्ह बघणं, मग ती कुठल्याही अ‍ॅपवर असो, लायसन्स हवं. त्याच मॅचचे हायलाइट्स सकाळी उठून बघितले, तर नको.

गणपतीत मंदिराच्या स्वतःच्या यूट्यूब पानावरून आरतीचं थेट दर्शन बघता, त्याचं काय? मंदिराने स्वतःचा कॅमेरा लावून दाखवलेलं दर्शन हे टीव्ही चॅनलचं प्रसारण नाही, म्हणून लायसन्स लागत नाही. मुलीच्या नृत्याचा कार्यक्रम कोणी फेसबुकवर लाईव्ह केला, त्याचंही तसंच. पण तीच आरती एखाद्या वृत्तवाहिनीवर थेट चालू असताना बघितली की नियम बदलला. ‘लाईव्ह’ लिहिलंय म्हणून लायसन्स, असं नाही. टीव्ही चॅनलसारख्या सेवेवर त्या क्षणी सगळ्यांना दाखवलं जातंय का, हे बघायचं. प्राइम किंवा नेटफ्लिक्सवर लाईव्ह फुटबॉल, कुस्ती किंवा तत्सम कार्यक्रम बघितला की त्या सेवांनाही हाच नियम.

आणखी एक प्रकार आहे: देसी दुकानांत किंवा ओळखीतून मिळणारा ‘बॉक्स’. वर्षाचे ठरावीक पैसे द्या आणि पाचशे भारतीय चॅनलं घ्या. त्यावर लाईव्ह चॅनल बघायला लायसन्स लागतंच. शिवाय तो बॉक्स चॅनलवाल्यांची परवानगी नसलेला असेल तर कॉपीराइटचं वेगळं लफडं. दुकानदार सांगतो, "यात लायसन्स नको, हे इंटरनेटवर आहे." त्याला दुकान चालवायचंय, दंड तुमच्या नावाने येणार.

एवढं वाचून मनातल्या मनात एक आठवडा आठवून बघा. घरात कोण, काय, कधी बघतं. त्यात पाहुणे म्हणून आलेले आई-बाबाही धरा. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

घर कोणाचं, लायसन्स कोणाचं

लायसन्स पत्त्याला जोडलेलं असतं, पण ते काढणाऱ्या माणसाबरोबर पुढच्या घरी जातं. म्हणजे आधीच्या भाडेकरूचं लायसन्स होतं म्हणून तुमचं भागलं, असं होत नाही. तो गेला तेव्हा तेही गेलं. एका लायसन्सवर त्या घरातली सगळी माणसं आणि सगळी यंत्रं येतात. पाच टीव्ही असले तरी लायसन्स एकच.

भाड्याच्या घरात चार मित्र मिळून राहत असाल तर टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट काढून बघा. चौघांची नावं एकाच करारावर असतील तर सहसा एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल आणि खोलीत बघत असाल, तर ज्याचं त्याने काढायचं. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये राहणाऱ्यांना वाटतं की हॉलच्या कॉमन रूममधल्या टीव्हीचं लायसन्स आहे म्हणजे आपलंही झालं. ते फक्त कॉमन रूमपुरतं असतं. खोलीत लॅपटॉपवर मॅच लावलीत की ती खोली वेगळी.

विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे, तिचा उल्लेख ब्रिटिश मित्र नक्की करतील. आई-वडिलांच्या घरचं लायसन्स चालू असेल, तर विद्यार्थ्याने स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर, म्हणजे फोनवर किंवा चार्जरला न लावलेल्या लॅपटॉपवर बघितलं तर चालतं. तुमचं घर साताऱ्याला असेल तर हे विसरा. सवलत यूकेतल्या लायसन्सवरच मिळते.

कोणाच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहत असाल, तर घरमालकाशी नातं असेल (भाऊ, मावशी, सासरे) तर त्यांच्या लायसन्सवर चालतं. नुसतं भाडं देऊन राहणाऱ्याला खोलीत बघायला स्वतःचं काढावं लागतं. घर वेगळं, स्वतंत्र दाराचं असेल, तर नातं असो वा नसो, लायसन्स वेगळं. मंडळाने हॉलमध्ये प्रोजेक्टरवर वर्ल्ड कपची फायनल लावायची ठरवली, तर त्या हॉलचं लायसन्स आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. आयोजकांच्या घरचं तिथे चालत नाही.

काढायचं कसं आणि पैसे कसे जातात

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात रंगीत टीव्हीचा दर १७४.५० पौंड होता. ब्लॅक अँड व्हाइटचं स्वस्तातलं लायसन्स अजून अस्तित्वात आहे, पण आजच्या बहुतेक घरांसाठी ते कामाचं नाही. लॅपटॉप-फोनवर बघणाऱ्याला रंगीतच लागतं. दर एप्रिलमध्ये महागाईप्रमाणे बदलतो आणि बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपेपर्यंत हीच पद्धत आहे. म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा अधिकृत साइटवर बघूनच पुढे जा.

साइटवर नाव, पत्ता, बँकेचा तपशील द्यायचा, एवढंच काम. एकरकमी भरता येतं, डायरेक्ट डेबिटने महिन्याला किंवा तिमाहीला भरता येतं, आणि पेपॉइंटचं चिन्ह असलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानात रोखही भरता येतं. तिमाही हप्त्याला दर वेळी १.२५ पौंड जास्त लागतात, म्हणजे वर्षाला पाच पौंड उगाच. मासिक हप्त्याला जादा आकार नाही, पण त्याची रचना समजून घ्या, नाहीतर बँक स्टेटमेंट बघून धक्का बसेल. पहिल्या वर्षाचे सगळे पैसे पहिल्या सहा महिन्यांतच कापले जातात, म्हणजे २०२५ च्या दराने साधारण २९ पौंड महिना. सातव्या महिन्यापासून हप्ता निम्म्यावर येतो, पण ते पैसे पुढच्या वर्षाच्या लायसन्सचे असतात. म्हणजे वर्ष संपतं तेव्हा पुढच्या वर्षाचे निम्मे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतात. इथे कायम राहणाऱ्याला याने फरक पडत नाही. वर्षभराच्या मास्टर्ससाठी आलेल्याला मात्र पडतो. त्याने परत जाताना रिफंड मागितला नाही, तर ऐंशी-नव्वद पौंड गेले.

लायसन्स महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपतं. महिन्याच्या २८ तारखेला काढलंत तरी तो महिना तुमच्या बारा महिन्यांत धरला जातो. तेव्हा महिनाअखेरीस लाईव्ह बघायला सुरुवात करणार असाल तर दोन-तीन दिवस कळ काढून एक तारखेला काढा, आणि ते निघेपर्यंत लाईव्ह बघू नका.

सवलती मोजक्याच आहेत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही असं प्रमाणपत्र असलेल्यांना निम्मे पैसे. ७५ वर्षांवरच्यांना २००० सालापासून फुकट होतं, पण १ ऑगस्ट २०२० पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्यांपुरतं राहिलं. सत्तरच्या दशकात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आपल्या लोकांपैकी बरेच आता या वयात आहेत, आणि पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही त्यांनी अर्जच केलेला नसतो. अशा घरात कोणी असेल तर आधी तो अर्ज भरून द्या. त्यातून लायसन्सपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. हातात पैसाच नसेल तर ‘सिंपल पेमेंट प्लॅन’ नावाची छोट्या हप्त्यांची सोय आहे. फोन करून मागायची.

लायसन्सच्या नावाने खोट्या ईमेल आणि मेसेज भरपूर फिरतात: "तुमचं पेमेंट फेल झालं, इथे क्लिक करा." त्यातल्या लिंकवर कधीही जाऊ नका. खऱ्या ईमेलमध्ये तुमचं नाव किंवा पोस्टकोडचा भाग असतो. तरीही स्वतः ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून जाणंच बरं.

लागत नसेल तर सांगून टाका

घरात कोणीही लाईव्ह बघत नाही, आयप्लेअर उघडत नाही, असं खरंच असेल तर पैसे भरू नका. नुसता टीव्ही घरात असणं गुन्हा नाही. भिंतीवर लँडलॉर्डचा टीव्ही आहे आणि तुम्ही त्यावर फक्त नेटफ्लिक्स आणि मुलांचे गेम्स चालवता, तर लायसन्स लागत नाही. पूर्वी टीव्ही विकणाऱ्या दुकानांना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता कळवावा लागायचा, तेही २०१३ मध्ये बंद झालं.

यासाठी साइटवर ‘नो लायसन्स नीडेड’ असं जाहीर करता येतं. पाच मिनिटांचं काम. केलंच पाहिजे असं कायद्यात नाही, पण माझं मत विचाराल तर करा. त्याने पत्रं थांबतात. जाहीर केल्यावरही खात्री करायला माणूस पाठवण्याचा हक्क ते राखून ठेवतात आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा विचारतात. मधल्या काळात सवयी बदलल्या, म्हणजे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि रोज लाईव्ह बातम्या सुरू झाल्या, तर त्या दिवसापासून लायसन्स लागलं. जाहीर केलेलं तेव्हा कामाला येत नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका: बघता आहात, तरी ‘बघत नाही’ म्हणून भरून टाकणं. पत्रं टाळायचा हा सगळ्यात वाईट मार्ग.

इथेच जर्मनीतल्या किंवा आयर्लंडमधल्या मित्राचा सल्ला आड येतो. जर्मनीत २०१३ पासून दर घरामागे शुल्क आहे, टीव्ही असो वा नसो, बघा वा बघू नका. ऑगस्ट २०२१ पासून ते महिन्याला १८.३६ युरो. आयर्लंडमध्ये वर्षाला १६० युरो, आणि तिथे टीव्ही संच घरात असणं हाच मुद्दा. तिकडचा माणूस "भरावंच लागतं" म्हणतो तेव्हा तो त्याच्या देशाचं बरोबर सांगतोय. आणि पुण्यातले काका "आमच्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचो, ते केव्हाच बंद झालं" म्हणतात तेही बरोबरच. भारतात ते १९८० च्या दशकाच्या मध्यात गेलं. यूकेचा नियम या दोन्हींहून वेगळा.

पत्रांचा मारा

टीव्ही लायसन्सिंग हे बीबीसीचंच नाव आहे. १९९१ पासून वसुलीची जबाबदारी बीबीसीकडे आली आणि प्रत्यक्ष काम कॅपिटा नावाची कंपनी कंत्राटावर करते. त्यांच्याकडे देशातल्या तीन कोटींहून जास्त पत्त्यांची यादी आहे. ज्या पत्त्यावर ना लायसन्स, ना ‘लागत नाही’ अशी नोंद, त्या पत्त्यावर पत्रं सुरू होतात आणि दर महिन्याला भाषा चढत जाते. "तपास सुरू झाला आहे", "अमुक दिवशी घरी असाल का?" वगैरे. ही पत्रं यंत्रातून निघतात. तुमच्याबद्दल काही पुरावा सापडला म्हणून ती आलेली नसतात. घाबरायचं कारण नाही, पण फेकून देण्याआधी एकदा नीट वाचा. कारण कोर्टाचं पत्र याच गठ्ठ्यात येतं आणि ते निराळं असतं.

डिटेक्टर व्हॅनच्या गोष्टी १९५२ पासून चालत आल्या आहेत: छतावर अँटेना लावलेली गाडी गल्लीत फिरते आणि कोणत्या घरात काय चालू आहे ते ओळखते. त्यातलं खरं-खोटं बाजूला ठेवा. खटल्यांत पुरावा म्हणून लागते ती दारात दिलेली कबुली, आणि ती देणारे आपणच असतो.

दारात माणूस आला तर

पत्रांना उत्तर नसेल तर कधीतरी व्हिजिटिंग ऑफिसर येतो. पोलीस नाही, कॅपिटाचा कर्मचारी. गळ्यात ओळखपत्र असतं. तो नम्रपणे बोलतो आणि प्रश्न साधे वाटतात: घरी टीव्ही आहे का, शेवटचं कधी बघितलंत, काय बघता, तुमचं नाव, जन्मतारीख. हे प्रश्न पुढे जातात तसा तो सूचना वाचून दाखवतो: तुम्हाला बोलण्याची सक्ती नाही, आत्ता न सांगितलेली गोष्ट पुढे कोर्टात बचाव म्हणून मांडलीत तर अडचण होऊ शकते, आणि बोलाल ते पुराव्यात वापरता येईल. ही सूचना ऐकू आली की समजा, गप्पा संपल्या, जबाब सुरू झाला. तो फॉर्म भरतो आणि शेवटी सही मागतो.

आता घर डोळ्यांसमोर आणा. सकाळचे अकरा. नवरा ऑफिसात, बायको डिपेंडंट व्हिसावर घरी, किंवा भारतातून आलेली आई एकटी. दार वाजतं. आपल्याकडे दारात कोणी आलं की निदान पाणी विचारतात. आई हसून म्हणते, "येस, येस, टीव्ही. मराठी सिरियल. डेली." मागे टॅबलेटवर लाईव्ह चॅनल चालूच असतं. नाव विचारलं, नाव सांगितलं. सही मागितली, सही केली. गुन्हा ज्याने वापरलं त्याच्यावर लागू शकतो, आणि जबाब ज्याने दिला त्याच्या नावाने कागद पुढे सरकतो. या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांत बायकांचं प्रमाण वर्षानुवर्षं सत्तर टक्क्यांच्या वर राहिलंय. दिवसा दार उघडायला त्या घरी असतात, हे त्यामागचं एक मोठं कारण.

त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पाहुण्यांना, एवढं समजावून ठेवा:

१. दार उघडण्याआधी विचारा, ओळखपत्र काचेतून बघा. शंका आली तर दार न उघडता टीव्ही लायसन्सिंगच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करा.

२. वॉरंट नसताना आत येण्याचा त्याला हक्क नाही. "नो, थँक यू" म्हणून दार लावलं तरी चालतं. त्याने सांगितल्यावर निघून जायला हवं.

३. प्रश्नांची उत्तरं देण्याची आणि सही करण्याची सक्ती नाही. आई-बाबांनी म्हणायचं: "माय सन इज नॉट होम. प्लीज राइट टू अस." बस.

४. खोटं मात्र बोलू नका. "आम्ही बघतच नाही" म्हणायचं आणि मागून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू यायची, हे अंगाशी येतं. गप्प राहणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं.

५. खरंच लाईव्ह बघत नसाल आणि ‘लागत नाही’ असं जाहीर केलेलं असेल, तर तसं सांगा. त्याला आत घेऊन दाखवायचं की नाही हा तुमचा निर्णय. दाखवलंत तर पत्रं बराच काळ थांबतात.

६. बघत असाल आणि लायसन्स नसेल, तर माणूस परत गेल्यावर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी लायसन्स काढा. पहिलीच वेळ असेल आणि लगेच काढलं, तर अनेकदा प्रकरण कोर्टात नेत नाहीत.

वॉरंट आणलं तर गोष्ट वेगळी. ते मॅजिस्ट्रेटकडून, स्कॉटलंडमध्ये शेरीफकडून, सबळ कारण दाखवून घ्यावं लागतं आणि एक महिन्यापुरतंच चालतं. ते क्वचितच काढतात. पण असेल तर अडवू नका, अडवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कागद हातात घेऊन पत्ता आणि तारीख वाचा आणि आत येऊ द्या.

कोर्टाचं पाकीट

इंग्लंड आणि वेल्समध्ये पुढची पायरी म्हणजे ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस’. हे पाकीट नेहमीच्या लाल पत्रांसारखं नसतं. वर तुमचं नाव असतं, आत आरोप, दारातल्या जबाबाची प्रत, आणि ‘गिल्टी’ की ‘नॉट गिल्टी’ हे कळवायचा फॉर्म. उत्तराला २१ दिवस. उत्तर दिलं नाही तर एकच मॅजिस्ट्रेट बंद खोलीत, तुमच्या पाठीमागे, कागद बघून निकाल देतो. घर बदललं आणि पत्ता कळवला नाही म्हणून नोटीस मिळालीच नाही, असं नेहमी होतं.

मान्य असेल तर लवकर ‘गिल्टी’ कळवा, शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. उत्पन्नाचा फॉर्म खरा आणि पूर्ण भरा, कारण दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. न भरल्यास कोर्ट स्वतः अंदाज धरतं आणि तो विद्यार्थ्याच्या बाबतीत जास्तच असतो. आजारपण, पैशाची ओढाताण, करार दुसऱ्याच्या नावे असणं, जे असेल ते त्याच फॉर्ममध्ये लिहा. आरोप चूक वाटत असेल तर ‘नॉट गिल्टी’ लिहा, मग उघड्या कोर्टात सुनावणी होते. जास्तीत जास्त दंड एक हजार पौंड. प्रत्यक्षात तो सहसा त्याहून बराच कमी असतो, पण त्यावर कोर्टाचा खर्च आणि सरचार्ज चढतो. लायसन्स नसण्याबद्दल तुरुंगवास नाही. कोर्टाने लावलेला दंड ऐपत असून मुद्दाम न भरल्यास मात्र तो होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत नाही. तिथे प्रकरण प्रोक्युरेटर फिस्कलकडे, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाकडे जातं.

निकाल लागल्यावरच कळलं, तर समजल्यापासून २१ दिवसांत ‘स्टॅट्युटरी डिक्लरेशन’ करता येतं: मला नोटीस मिळालीच नव्हती, असं शपथेवर सांगायचं. मग निकाल रद्द होऊन प्रकरण पहिल्यापासून सुरू होतं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या जवळच्या केंद्रात यासाठी फुकट मदत मिळते.

व्हिसाची भीती इथे खरी होते. नुसती पत्रं येणं, माणूस दारात येणं, याचा व्हिसाशी संबंध नाही. पण कोर्टाने दोषी ठरवलं की ती गुन्ह्याची शिक्षा असते. व्हिसा वाढवताना, आयएलआरसाठी (यूकेत कायम राहण्याच्या परवानगीसाठी), नागरिकत्वासाठी अर्ज करताना शिक्षा विचारल्या जातात आणि तिथे ही सांगावी लागते. लपवणं हे मूळ दंडापेक्षा महागात पडतं. अशी नोंद झाली असेल तर पुढच्या अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. आणि म्हणूनच २१ दिवसांची ती नोटीस टेबलावर पडू देऊ नका.

घर बदलताना, परत जाताना

घर बदललंत तर साइटवर पत्ता बदला. लायसन्स तुमच्याबरोबर जातं. लायसन्स असलेल्या घरी, म्हणजे समजा मित्राकडे, राहायला गेलात तर तुमचं रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागा. भारतात परत जातानाही तसंच. नुसता डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद करू नका, त्याने पत्ता थकबाकीदार दिसतो आणि पुढच्या भाडेकरूला पत्रं जातात. आधी साइटवर लायसन्स रद्द करा, रिफंड मागा. पुरावा मागितला तर टेनन्सी संपल्याचं पत्र किंवा विमानाचं तिकीट हाताशी ठेवा. आणि हे सगळं यूकेचं बँक खातं बंद करण्याआधी उरका, कारण चेक हिंजवडीच्या पत्त्यावर आला तर तो वटवायला जितका खर्च येईल तितकेच पैसे त्यात असतील.